बुटकीचा भाव

धावडा,
९ फेब्रुवारी २०२५

कल्याण,

वर आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग खोडलं. अडतीस वर्षांच्या, बहिणीचा फोन न उचलणाऱ्या माणसाला चिरंजीव लिहायला हात होईना. नुसता कल्याण बरा.

तुझं कार्ड पोचलं. चौदा वर्षांत तुझ्या हातचा पहिला कागद, आणि त्यावर तीन वाक्यं. 'हक्कसोड करायची नाही. घरच्या रीतीनं होऊ दे. तू थोरली आहेस, वाटे तू पाड, मी उचलतो.' आप्पांच्या तेराव्याला आला असतास तर हेच तोंडानं सांगून झालं असतं आणि दोन घास गोडाचेही खाल्ले असतेस. असो.

झुंबरआत्यानं कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "माह्या येळंला कुणी इचारलं न्हाई गं. लुगडं नेसवलं अन् अंगठा घेतला. तुह्या बापानंच घेतला. अन् हे पोरगं बहिणीला थोरली म्हणून राह्यलं." तिच्या लेखी तू देव झालास. माझ्या लेखी अजून नाहीस, कारण रीत मलाही ठाऊक आहे. वाटे पाडणाऱ्याला निवड नसते. उचलणारा उचलतो आणि उरेल ते पाडणाऱ्याचं. पाडणाऱ्याला मान मिळतो म्हणतात, पण धाक त्यालाच जास्त असतो.

तर ऐक. आप्पांनी तीनच गोष्टी ठेवल्या. विहिरीचा तुकडा, सडकेचा तुकडा आणि शेडातली मोटार, आपली बुटकी. घरात जुनी भांडी सोडली तर काही नाही. विहिरीच्या तुकड्यावर माझी रोपवाटिका आहे. मिरचीची रोपं, थोडी टोमॅटोची. शेडनेट माझ्या पैशाचं आहे, जमीन आप्पांची. सासर सोडून आले त्या वर्षी आप्पांनी हा तुकडा दाखवून 'इथं काय करायचं ते कर' एवढंच म्हटलं, आणि मी केलं. आज पिंपळगावपासून सिल्लोडपर्यंतचे मिरचीवाले माझ्याकडून रोपं नेतात. सडकेच्या तुकड्याला पाण्याचा थेंब नाही. गावात भाव काढला तर विहिरीचा तुकडा सडकेच्या तुकड्यापेक्षा आठ लाखांनी भारी भरतो. हे आत्यालाही माहीत आहे, तलाठ्यालाही आणि तुलाही.

म्हणजे एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला सडक आणि बुटकी. काटा बुटकीवर येऊन थांबतो. ती आठ लाखांची असेल तर वाटे सारखे. कमी असेल तर तू विहीर उचलशील आणि मी पाण्यावाचून उरेन. उगाच आडपडदा कशाला ठेवू, मला विहीर हवी आहे. पण रीतीनं मला ती मागता येत नाही, नुसती राखता येते.

आता मला सांग, इंजिन नसलेल्या मोटारीचा भाव काढायचा कसा? इंजिन तू नेलंस. आप्पा भोकरदनच्या बाजारला गेले होते, गॅरेजवाल्या गयासचाचांनी साखळी लावून ते उचललं, तू टेम्पोत टाकलंस आणि पुण्याला गेलास. ते अजून तुझ्याकडे आहे की मोडीत घातलंस? एवढं एक कळव. त्यावर सगळं अवलंबून आहे.

अक्का


धावडा,
२३ फेब्रुवारी

कल्याण,

इंजिनाबद्दल तुझं उत्तर नाही. ठीक आहे. आंधळ्यानं भाव करायचा म्हटल्यावर मी गयासचाचांना बोलावलं.

चाचा आता मळकी टोपी घालून गॅरेजच्या दारात नुसते बसतात, काम त्यांचा सोहेब बघतो. पण बुटकीचं नाव काढलं तशी काठी टाकून आले. शेडाचं दार उघडल्यावर आधी मला झापलं. कारण इंजिनाच्या रिकाम्या खबदाडात मी रोपं लावायच्या कोकोपीटच्या गोण्या ठेवते. उंदीर तिथं पोचत नाहीत, आणि एवढी मोठी जागा रिकामी का ठेवायची? चाचा म्हणाले, "तौबा. जहागीरदाराची फोर्ड हाये ती, तुही कोठी न्हाई." गोण्या बाहेर काढेपर्यंत ते आत डोकावले नाहीत.

मग तपासणी झाली. सांगाडा सरळ आहे, गंज फक्त खालच्या पत्र्याला. पुढची जाळी अस्सल, एक दिवा फुटका. काटे आहेत, पण वेगाचा काटा चाळीसवर अडकलेला आहे. तो तूच अडकवलास ना, फुटाणे फाट्यावरच्या चढावर? सीटांतला काथ्या मांजरीनं उकरलाय. मागची रुंद चाकं ट्रॉलीची आहेत, ती तू, आप्पा आणि चाचांनी मिळून बसवली तेव्हा मी चहा घेऊन आले होते आणि आप्पा हसत होते. आप्पा इतके हसलेले मी नंतर पाहिले नाहीत. तू रद्दीवाल्याकडून आणलेल्या त्या अमेरिकन मासिकातलं चित्र अजून शेडाच्या खांबाला चिकटलेलं आहे, निम्मं उंदरांनी खाल्लं. हॉट रॉड म्हणे, जुनी मोटार कापून-जोडून केलेली. गावानं मात्र एका शब्दात नाव ठेवलं, छप्पर कापून ठेंगणी केली म्हणून बुटकी.

मी म्हटलं, "चाचा, भाव सांगा."

"बिलकुल सांगतो. धा लाख."

"इंजिन नाही."

"मंग काय झालं? इंजन कुणीबी टाकंल. हे छप्पर कोन कापंल असं? मह्या हातानं कापलं मी. एक जोड दिसून राह्यला का तुला?"

जोड दिसत नाही, हे खरं. पण स्वतःच्या हाताचा भाव माणूस स्वतःच लावायला लागला की आकडा कुठं थांबावा याला काही धरबंध राहत नाही. म्हणून मी माझ्या रीतीनं हिशेब केला. चालू मोटारीचा भाव धरला, त्यातून इंजिन मिळवण्याचा आणि बसवण्याचा खर्च वजा केला. मग दुसऱ्या बाजूनं आले. दिवे, जाळी, चाकं, सांगाडा, एकेक सुटं विकलं तर काय येईल ते मांडलं. दोन्हीकडून वेगळे आकडे आले. तेव्हा कळलं की भाव वस्तूत नसतो, घेणारा कोण आहे त्याच्यात असतो. पत्रेवाल्याला ती पत्रा आहे. हौशी माणसाला अर्धी वस्तू. आणि ज्याच्याकडे तिचंच इंजिन आहे, गाडीच्या नोंदणी-पुस्तकावरच्या त्याच नंबरचं, त्याच्यासाठी ती पुरी मोटार आहे. तो माणूस जगात एकच आहे आणि तो उत्तर देत नाही.

या सगळ्याचा मेळ घालून मी बुटकीचा भाव आठ लाख धरला आहे. बाहेरचं कुणी बघायला आलेलं नाही, तेव्हा दुसरा आकडा माझ्यापाशी नाही. वाटे असे: एक, विहिरीचा तुकडा. दोन, सडकेचा तुकडा आणि बुटकी. आत्यासमोर कागद केलाय, प्रत सोबत आहे. आता उचल.

अक्का


धावडा,
१६ मार्च

कल्याण,

तीन आठवडे झाले. उचलायला इतका वेळ लागत नाही. आप्पा आणि आत्याच्या वेळी तर विडा खाऊन होईपर्यंत अंगठा घेऊन सगळं उरकलं होतं म्हणे.

इकडे ट्रे भरून झाले. उन्हाळी मिरचीचं बी टाकलं, उगवण चांगली आहे. लोक पैसे देऊन नंबर लावून गेलेत. एप्रिलअखेर रोपं हातात दिली पाहिजेत, आणि तोवर दोन्ही वेळ पाणी. विहिरीला यंदा पाणी बरं आहे. सकाळी विहिरीवरची मोटार सुरू केली की मी काठावर जाऊन बघते किती उतरलंय, आणि मग वाटतं हे मी कुणाचं पाणी मोजते आहे. झोप लागत नाही. आत्या म्हणते नजर लागली. मला ठाऊक आहे काय लागलंय ते.

आकड्याविषयी एक लिहायचं होतं. आठ लाख म्हणजे अगदी काळ्या दगडावरची रेघ असं नाही. थोडं इकडे-तिकडे होऊ शकतं. तुला जास्त वाटत असेल तर तसं कळव, सडकेच्या बाजूला अजून काही घालता येईल. आईची तांब्याची घागर आहे, आप्पांची सायकल आहे. तू नुसतं बोल.

चाचा रोज येतात. गोण्या परत आत ठेवल्या नाहीत ना ते बघतात. परवा म्हणाले, "कल्याण आल्ता का सपनात तुह्या?" मी नाही म्हटलं. तर म्हणे, "मह्या आल्ता. इंजनला तेल दे म्हून सांगितलं मी त्याला." म्हाताऱ्यांच्या स्वप्नातही माणसं कामाचंच बोलतात.

बाकी ठीक. तुझी तब्येत कशी आहे ते विचारायचं राहून जातं दर वेळी.

अक्का


धावडा,
२ एप्रिल

कल्याण,

कार्ड मिळालं. आत्याला वाचून दाखवलं नाही.

'विहिरीचा वाटा उचलला. नागसेनला मीच पाठवलं होतं. खोटा आकडा ज्यानं पाडला त्यानंच तो घ्यावा, रीत त्याचसाठी आहे.'

तर आठाचा कागद करण्याआधी बुटकी बघायला आलेला तो नागसेन तुझा माणूस. गोरटेला, पुण्याचा, पायात पांढरे बूट, शेडात येताना विचारून आला, मोटारीला हात लावण्याआधीही विचारलं. मला वाटलं जुन्या गाड्यांचा दलाल आहे. मी त्याला चहा दिला, पोहे दिले. त्यानं खाली वाकून, आरसा धरून सगळं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, छप्पर कापलं तिथं अर्धी किंमत गेली. कागद मेलेल्या जहागीरदाराच्या नावावर, इंजिन नाही. सव्वा लाख देतो, तेही जाळीसाठी." मी विचारलं, "आणि इंजिन असतं तर?" तर म्हणाला, "याच नंबरचं असतं तर मीच आठ दिले असते. ठेंगणी असली तरी अशी दुसरी नाही."

तुला हे सगळं त्यानं सांगितलंच असणार. मी काय केलं तेही तुला कळलंच आहे. इंजिन असलेल्या मोटारीचा त्याचा आठाचा आकडा उचलला आणि इंजिन नसलेल्या मोटारीवर चिकटवला. वर लिहिलं की कुणी आलंच नाही. हो, केलं. बाहेर ट्रेमध्ये बी टाकायचं होतं, त्याचाच विचार डोक्यात होता.

पण तूही ऐकून घे. तू मला थोरली म्हणालास, वाटे पाडण्याचा मान दिलास, आणि मागून माणूस पाठवलास मी कशी पाडते ते बघायला. हा मान म्हणायचा की सापळा? मी पहिल्याच पत्रात विचारलं, इंजिन आहे का तुझ्याकडे. 'आहे' किंवा 'नाही' एवढं लिहिलं असतंस तर मला आकडा पाडावाच लागला नसता, तो आपोआप निघाला असता. तू गप्प बसून माझी परीक्षा घेतलीस. आप्पा असंच करायचे. विचारलं की गप्प, आणि चुकलं की शिक्षा. त्यांच्यापासून पळालास आणि त्यांच्यासारखाच झालास.

विहीर तुला कशाला हवी होती रे? तू पाणीसुद्धा बाटलीतलं विकत पितोस.

राहू दे. उचललेल्या वाट्यावर तक्रार करायची नसते, तेवढी रीत मी पाळीन. कार्ड आलं त्याच दिवशी मी विहिरीवरची मोटार बंद केली. तुझ्या विहिरीतलं पाणी मी न विचारता घेणार नाही. टँकर सांगितलाय, तो एक दिवसाआड येतो आणि निम्मं पाणी रस्त्यात सांडत येतो. वरच्या रांगेतली रोपं माना टाकायला लागली आहेत. आत्या विचारते, मोटार का बंद. बिघडली म्हणून सांगितलं. हे दुसरं खोटं, याचा आकडा तूच लाव.

अर्पिता


धावडा,
१३ एप्रिल

कल्याण,

काल दुपारी टेम्पो आला. मला वाटलं टँकरवाला, म्हणून पाइप घेऊनच बाहेर आले. ड्रायव्हर म्हणाला, पुण्याहून माल आहे, सही करा.

गोधडीत बांधलेलं होतं. आईची ती हिरव्या काठांची गोधडी मी किती वर्षं शोधत होते. सासरी गेली असेल म्हणून एकदा तिकडच्या लोकांवर आळसुद्धा घेतला होता मी. ती तू नेलीस, इंजिनाला थंडी वाजू नये म्हणून.

सोहेबला आणि चार पोरांना बोलावून ते शेडात उतरवलं. चाचा आले. गोधडी सोडली, खाली बसले. मग पुढच्या चक्रीला हात घालून ती फिरवली. फिरली. एका हातानं, या वयात. म्हणाले, "बघ अर्पिता. चौदा साल झाले, जाम न्हाई. ह्यानं दर महिन्याला तेल टाकून हातानं फिरवलंय हे. न्हाईतर असं फिरत न्हाई." मग तिथंच बसून रडले. मीही रडले. आत्या आली, तिला काही कळलं नाही, तरी तीही रडली.

सोबत तुझी चिठ्ठी होती. 'आठ लाख म्हणाली होतीस. आता वाट्यात भर पडली. तुझा आकडा खोटा राहिला नाही.'

मी ती किती वेळा वाचली ते सांगणार नाही. आधी वाटलं, हाही टोमणाच. मग वाटलं, नाही. ज्याला टोमणा मारायचा असतो तो चौदा वर्षं तेल घालून ठेवलेली वस्तू पाठवत नाही. तुझ्याकडे दिवाणखान्यात होतं का रे ते? की पलंगाखाली? तुझ्या बायकोनं कधी काही म्हटलं नाही? मला तुझ्या घरातलं काहीच माहीत नाही, मुलीचं नावसुद्धा आत्याकडून कळलं.

राग उतरलेला नाही, तो असू दे. पण एक कळलं. तू मला शिक्षा केलीस आणि त्याच हातानं तुझी सगळ्यात आवडती वस्तू माझ्या पदरात टाकलीस, कारण मी खोटी ठरावी हे तुला सोसलं नाही. मला मात्र आता ही बुटकी विकावी लागेल. नागसेनचा फोन आला होता. आठ द्यायला तो तयार आहे. त्या पैशात सडकेच्या तुकड्यावर बोअर होईल, लागलं तर पाणी लागेल. मी 'बघते' म्हटलं. शेडात जाऊन उभी राहिले, आणि परत त्याला फोन लावला नाही.

तेव्हा माझं ऐक. एकदा थोरलीनं पाडून झालं. आता परत एक वाटणी करू. एका बाजूला बुटकी, इंजिनासकट. दुसऱ्या बाजूला विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, जमीन तुझीच राहू दे. कुणीकडे काय घालायचं आणि काय काढायचं ते तू ठरव. या वेळी वाटे धाकट्यानं पाडायचे. उचलीन मी.

मी काय उचलीन हे तुला ठाऊक आहे, आणि तुला काय हवं आहे हे मला. तरीही पाड. नीट, विचार करून, स्वतःच्या वाट्याला काहीही आलं तरी चालेल असे.

आणि हे कार्डावर होणार नाही. वाटे जागेवर उभं राहूनच पाडतात. चाचांनी छताला साखळी टांगून ठेवली आहे, पण इंजिन अजून गोधडीवरच आहे. सोहेबलाही हात लावू देत नाहीत, म्हणतात, ज्यानं काढलं तोच बसवंल.

टँकरवर रोपं अजून आठ-दहा दिवस तग धरतील. त्यापुढचं मला सांगता येत नाही.

अक्का